फिश फाइंडर तळ दाखवेनासा झाला? नवा ट्रान्सड्यूसर घेण्याआधी हे तपासा

टेंभुर्णीत माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे डायनॅमो, ट्रकचे सेल्फ, उसाच्या ट्रॉल्यांचे दिवे हे रोजचं काम. उजनी धरणाचं पाणी जवळच असल्यामुळे होडीवाले आणि गळ टाकणारे हौशी लोकही फिश फाइंडर घेऊन येतात. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली, तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं हे यंत्र; तो आवाज सोडणारा आणि ऐकणारा, पाण्यात बुडालेला त्याचा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. त्यांचं म्हणणं जवळजवळ ठरलेलं असतं: "मालक, ट्रान्सड्यूसर गेलाय, नवा बसवून द्या." मी आधी वायर तपासतो, कारण बहुतेक वेळा बिघाड तिथेच सापडतो. ट्रान्सड्यूसरला हजारो रुपये पडतात, वायरीला शे-दोनशे. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी लक्षण ओळखा

- स्क्रीन चालू आहे, पण खोलीच्या जागी नुसत्या रेघा येतात किंवा जुनाच आकडा लुकलुकत राहतो.
- होडी उभी असताना तळ छान दिसतो, वेग घेतला की गायब होतो.
- इंजिनाचा सेल्फ मारला की यंत्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.
- इंजिन चालू असेपर्यंत पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस किंवा उभ्या रेघा, इंजिन बंद केलं की स्वच्छ.
- सकाळी ठीक चालतं, दुपारी आपोआप बंद होतं किंवा प्रकाश मंद होतो.
- दोन मीटर पाण्यात चार मीटर दाखवतं.

यातलं कोणतं लक्षण आहे ते कागदावर लिहा, आणि ते दिसतं तेव्हा पाण्याचं तापमान दाखवलं जातं की नाही हेही लिहा. या एका नोंदीने अर्धं काम होतं. तापमान मोजणारा भाग बहुतेक ट्रान्सड्यूसरच्या आतच बसवलेला असतो आणि त्याच्या तारा त्याच केबलमधून येतात. तापमान येतंय पण खोली येत नाही, तर प्लग आणि केबल बऱ्याच अंशी शाबूत आहेत, मग संशय सेटिंगवर, ट्रान्सड्यूसरच्या चेहऱ्यावरच्या (तळाकडे तोंड असलेल्या बाजूवरच्या) घाणीवर किंवा आतल्या, आवाज काढणाऱ्या स्फटिकावर. दोन्ही गेलं असेल तर प्लग सैल आहे किंवा केबल तुटली आहे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली गोष्ट डेमो. होडी काठावर चिखलात उभी आहे आणि पडद्यावर मासे पोहताना दिसतात, असं असेल तर यंत्र नमुन्याचं चित्र दाखवतंय. काही यंत्रं सुरू होताना ट्रान्सड्यूसर सापडला नाही की आपोआप तिकडे वळतात. मेनूत जाऊन डेमो किंवा सिम्युलेटर बंद करा. तिथेच ट्रान्सड्यूसरचा प्रकार कोणता निवडलाय तेही बघा. मुलांच्या हातात यंत्र गेलं आणि तो बदलला, असं मी अनेकदा पाहिलंय. खोलीची मर्यादा 'ऑटो'वर ठेवा.

दुप्पट खोली हा बिघाड नाही. उथळ पाणी आणि कठीण तळ असला की आवाज तळावर आदळून वर येतो, पृष्ठभागावरून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. यंत्र त्या दुसऱ्या प्रतिध्वनीला तळ समजतं. उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या शून्य टक्क्याखाली गेली की ही तक्रार वाढते. धरण पूर्ण भरल्याची पातळी ४९६.८३ मीटर आणि शून्य टक्क्याची ४९१.०३, म्हणजे वजा सुरू होण्याआधीच ५.८ मीटर पाणी उतरलेलं असतं. दिवाळीत जिथे सात मीटर होतं तिथे मेमध्ये जेमतेम एक मीटर राहतं. मेनूतली संवेदनशीलता (सेन्सिटिव्हिटी) कमी केली की आकडा जागेवर येतो.

मग ट्रान्सड्यूसरच्या चेहऱ्यावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तिथे शेवाळ धरलंय. उजनीचं पाणी हिरवं असतं, होडी आठ-दहा दिवस पाण्यात उभी राहिली तरी थर चढतो. ट्रान्सड्यूसरच्या आत एक स्फटिक असतो. वीज मिळाली की तो थरथरतो आणि ती थरथर पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जाते. दहा मीटर खोल तळाला शिवून परत यायला तिला १३ मिलिसेकंद लागतात, आणि परत येते ती अगदी क्षीण होऊन. वाटेत शेवाळाचा थर आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे असले तर तीही पोचत नाही. मऊ फडकं आणि भांड्याच्या साबणाचं पाणी पुरेसं आहे. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, वरचं प्लास्टिक खराब होतं. तारेच्या घासणीचा चरा पडला तर तो कायमचा.

आता प्लग. काढा, उजेडात धरा, पिना मोजा. एखादी वाकलेली, काळी पडलेली किंवा आत दबलेली आहे का? कोरड्या ब्रशने साफ करून सरळ दाबून बसवा आणि वरची रिंग हाताने घट्ट करा. पक्कड नको.

कान आणि मूठ

ही दोन मिनिटांची तपासणी मी प्रत्येक ट्रान्सड्यूसरवर करतो. यंत्र चालू ठेवून ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर काढायचा, कोरडा पुसायचा आणि चेहरा कानाजवळ न्यायचा. दुकानातला पंखा बंद करावा लागतो, इतका तो आवाज बारीक असतो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकावा तशी एकसारखी टिकटिक येते. ऐकू आली तर यंत्र वीज पाठवतंय आणि स्फटिक हलतोय, म्हणजे बिघाड दुसरीकडे शोधायचा. नाही आली तर लगेच निकाल देऊ नका. नव्या चर्प प्रकारच्या (एकाऐवजी अनेक फ्रिक्वेन्सींचा आवाज सोडणाऱ्या) काही ट्रान्सड्यूसरमध्ये हा आवाज फारच मंद असतो. आणि मोठ्या वॅटचा ट्रान्सड्यूसर हवेत जास्त वेळ चालू ठेवू नका, तो तापतो.

दुसरं, तो मुठीत धरून ठेवा. तापमानाचा आकडा हळूहळू चढायला लागला पाहिजे. केबल ठिकठिकाणी हलवत जा. एखाद्या जागी आकडा उडाला, तर तुटलेली तार तिथेच आहे.

मल्टिमीटरने स्फटिक तपासायला जाऊ नका. तो कपॅसिटरसारखा असतो, त्यामुळे ओहमवर तो चांगला असला तरी 'ओपन'च दाखवणार. यावरून ट्रान्सड्यूसर मेला म्हणून फेकून दिलेले लोक मला माहीत आहेत.

वीज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

करमाळ्याच्या बाजूचे एक होडीवाले अण्णा एका हंगामात दोन ट्रान्सड्यूसर बदलून माझ्याकडे आले होते. विकणाऱ्याने दोन्ही वेळा तोच सल्ला दिला होता. लक्षण एकच: सकाळी चालतं, ऊन चढलं की बंद, आणि इंजिनाजवळ गेलं की पडद्यावर ठिपके-रेघांचा कचरा. मी यंत्राचा प्लग काढून तिथल्या दोन तारांना ट्रकच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. बल्ब पेटला, पण निखाऱ्यासारखा लालसर. बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते, बल्बापाशी ९.१. मधल्या जोडावरची काळी टेप सोडवली तशी आतून हिरवी-काळी भुकटी तळहातावर पडली. तांब्याच्या तारा कुजून त्यातल्या तीन-चारच एकमेकींना टेकलेल्या उरल्या होत्या. नवी वायर टाकली आणि तोच, 'मेलेला' म्हणून काढून ठेवलेला पहिला ट्रान्सड्यूसर लावून दिला. तो चालला.

या बल्बाचं कारण समजून घ्या. नुसता मल्टिमीटर लावला तर कुजलेल्या वायरीतूनही पूर्ण १२.५ दिसतात, कारण मीटर जवळजवळ काही ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो आणि वायरीची खरी ताकद उघडी पडते. बल्ब पेटलेला असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग बल्बापाशी. फरक ०.४ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बाच्या प्लसवर ठेवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या एका वायरीत खर्च होताहेत. मायनसचंही असंच मोजा. मायनसकडे लोक बघतच नाहीत आणि बिघाड निम्म्या वेळा तिथे असतो.

वायरीची जाडी हा वेगळा विषय. बॅटरी होडीच्या मागे आणि यंत्र पुढे, अंतर सहा मीटर असेल तर वीज जाऊन-येऊन बारा मीटर फिरते. अर्धा एमएमच्या (म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीत दोन अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात. तिथेच अडीच एमएमची वायर टाकली तर ०.२. म्हणून मी अडीचच टाकतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती होडीत वापरू नका. चाकूने तार खरवडली की आतला पांढरा रंग लगेच दिसतो.

जोड शक्यतो नकोच. द्यावा लागला तर थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. गरम केल्यावर कडेने गोंदाचा थेंब बाहेर दिसला पाहिजे, तरच पाणी आत जाणार नाही. इन्सुलेशन टेप आमच्या उन्हात पाघळते आणि सुटते. बॅटरीला मगरीच्या तोंडाच्या क्लिपा लावून कायम चालवू नका. होडी हादरली की क्लिप क्षणभर सुटते आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतून घासा, पाणी सेलच्या बुचातून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून, नट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा.

फ्यूज प्लसच्या वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. यंत्राजवळ लावलेला फ्यूज यंत्र वाचवेल, पण मधली सहा मीटर वायर घासून शॉर्ट झाली तर तिला आग लागण्यापासून तो वाचवू शकत नाही. लहान यंत्रांना बहुधा ३ अँपिअरचा लागतो, तरी आकडा पुस्तिकेतलाच घ्या. फ्यूज उडतो म्हणून तारेचा तुकडा घालणाऱ्याला मी काम करून देत नाही.

सेल्फ मारल्यावर यंत्र बंद पडत असेल तर कारण सरळ आहे. स्टार्टर मोठा करंट ओढतो, बॅटरी क्षणभर दहा व्होल्टच्या खाली जाते, आणि बऱ्याच यंत्रांना किमान दहा लागतात. यावर माझा उपाय एकच: यंत्राला स्वतःची वेगळी बॅटरी द्या. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी चालते. पाच इंची यंत्र ०.७ अँपिअर घेत असेल तर कागदावर दहा तास होतात, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून पाच तास धरा. इंजिन बंद ठेवून थोडा वेळ विश्रांती दिलेली बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२ च्या आसपास आली की घरी न्या. ट्रकचा मोठा चार्जर तिला लावू नका, सुमारे दोन अँपिअरच्या आतला लावा.

लिथियम घेणाऱ्यांनी लेबल वाचावं. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चार्ज होताना १४.६ पर्यंत जाते, ती बहुतेक यंत्रांना चालते. चार सेलची साधी लिथियम आयन मात्र पूर्ण भरल्यावर १६.८ असते. यंत्राची कमाल मर्यादा त्याच्या वर असेल तरच जोडा.

एक गोष्ट कधीच करू नका. दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनाला दिव्यासाठी दोन तारा दिलेल्या असतात. बऱ्याच इंजिनांत ती वीज एसी असते आणि वेगाप्रमाणे वाढत जाते. फिश फाइंडर थेट तिथे जोडला तर पहिल्याच जोरात जळतो.

वेगात तळ हरवतो, इंजिनाने कचरा दिसतो

ही दोन लक्षणं लोक एकत्र करतात, पण कारणं वेगळी. वेगात तळ हरवतो तो बुडबुड्यांमुळे. ट्रान्सड्यूसरचा चेहरा फायबरच्या होडीत तळापेक्षा सुमारे ३ मिमी खाली आणि धातूच्या पत्र्याच्या होडीत सुमारे १० मिमी खाली हवा. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यापासून (प्रोपेलर) ३८ सेंटिमीटर तरी लांब. त्याच्या पुढे तळाला रिव्हेट, पट्टी किंवा वेल्डिंगचा उंचवटा नको, कारण तिथूनच फेस निघतो. वेगात तळ जात असेल तर तीन-तीन मिलिमीटरने खाली करत बघा. मागे पाण्याचा तुरा उडायला लागला की फार खाली गेलात.

इंजिन चालू असताना कचरा दिसत असेल तर यंत्र दुसऱ्या, कशालाही न जोडलेल्या बॅटरीवर चालवून बघा. कचरा गेला तर तो विजेच्या वायरीतून येत होता. राहिला तर ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या किंवा इलेक्ट्रिक मोटरच्या वायरींबरोबर बांधलेली आहे, ती दुसऱ्या बाजूने न्या. पेट्रोल इंजिनाला पुस्तिकेत सांगितलेला रेझिस्टरचाच स्पार्क प्लग आहे ना, तेही बघा.

खरंच बदलायची वेळ आली तर

आधी कुणाकडून तरी त्याच मॉडेलचा ट्रान्सड्यूसर अर्ध्या तासासाठी मागून लावा. तो चालला, तुमचा चालला नाही, आणि वीज वर सांगितल्याप्रमाणे तपासलेली आहे, तर मात्र तुमचाच गेला. चेहऱ्याला भेग, केसिंगच्या आत पाणी किंवा केबलला खोल काप दिसला तरी हाच निर्णय. उन्हाळ्यात पाण्याखालचे बाभळीचे बुंधे आणि जुन्या वस्त्यांच्या भिंती वर येतात, त्यावर आपटून ट्रान्सड्यूसर फुटतात.

नवा घेताना नुसती पिनांची संख्या जुळून चालत नाही. यंत्राच्या मॉडेलला तो ट्रान्सड्यूसर चालतो असं यादीत लिहिलेलं हवं. २०० किलोहर्ट्झचा जुना आणि ४५५ चा नवा एकाच आकाराच्या प्लगमध्ये येऊ शकतात, पण यंत्राला ती फ्रिक्वेन्सी चालवता आली पाहिजे.

केबल लांब झाली तरी कापू नका. परत येणारा प्रतिध्वनी स्फटिकातून फार बारीक वीज देतो, तिला बाहेरच्या गोंगाटापासून वाचवायला केबलभर जाळीचं आवरण असतं. कापून जोडलेल्या ठिकाणी ते आवरण उघडं पडतं आणि वॉरंटीही जाते. उरलेल्या केबलचे सैल वेढे करून कोरड्या जागी बांधा.

होडीच्या मागच्या फळीला थेट भोकं पाडण्याऐवजी मी आधी जाड प्लास्टिकची पाटी पक्की बसवतो आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू त्या पाटीत घेतो. पुढच्या वेळी नवा ब्रॅकेट आला तरी होडीला नवं भोक पडत नाही. पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक स्क्रूला होडीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट लावा. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे आरपार जाणार नाही. ब्रॅकेट धक्का लागल्यावर वर उचलला जाणारा घ्या.

फायबरच्या होडीत काही ट्रान्सड्यूसर आतून, तळाला इपॉक्सीने चिकटवता येतात. पण फायबर भरीव हवं, मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर आवाज पलीकडे जात नाही. तापमानही मग पाण्याचं न दिसता होडीच्या तळाचं दिसतं.

बसवून झालं की दोरीला वीट बांधून खोली मोजा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून बघा. दोन-तीन ठिकाणी जुळलं की काम झालं. ही चाचणी सकाळीच करा. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा काही मिनिटांत उठतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी दरम्यान वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले, ते आम्ही या भागातले लोक विसरलेलो नाही. लाइफ जॅकेट घालूनच यंत्रावर वाका.

इथे थांबा

नवा, योग्य आकड्याचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नका, शॉर्ट शोधणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर इंजिनाचा रेग्युलेटर गेलाय. सगळी यंत्रं लगेच वेगळी करा आणि आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) मेकॅनिककडे जा, हे काम माझ्यासारख्या ऑटो इलेक्ट्रिशियनचंही नाही. बॅटरी फुगली, तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिला हात लावण्याआधी होडी काठाला घ्या आणि ठिणगी पडेल असं काही करू नका. पेट्रोलचा वास येत असताना एकही टर्मिनल सोडवायचं नाही.

स्क्रीनच्या काचेआड दव दिसलं तर यंत्र उघडू नका. एकदा उघडलेलं सील घरी पुन्हा पाणीबंद होत नाही, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच पाठवा. स्क्रू मारल्यावर होडीच्या आतून ओल आली तर वरून आणखी सीलंट थापू नका. होडी पाण्याबाहेर काढा, कोरडी होऊ द्या आणि फायबरचं किंवा वेल्डिंगचं काम जाणणाऱ्याच्या हाती द्या.